गाईड म्हणतात, ‘चित्रं काढायला चाललीस?’

मॅडम,

मी गणितात एम.एस्सी. केलं, सेट झाले आणि मागच्या वर्षी पीएच.डी. पूर्ण झाली. विषय अप्रॉक्सिमेशन थिअरी, म्हणजे अवघड फलनाच्या जवळ जाणारी सोपी फलनं शोधणं: बर्नस्टाइन प्रकारचे ऑपरेटर्स आणि त्यांच्या अभिसरणाचा (फलनाच्या जवळ जाण्याचा) वेग. वय 31. सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवते. कायम जागा ‘निघणार आहे’ हे रुजू झाल्यापासून ऐकते आहे.

एका ऑनलाइन व्याख्यानानंतर मी प्रश्न विचारला, त्यातून पत्रव्यवहार वाढला आणि आता ऑस्ट्रियातल्या एका विद्यापीठातल्या जॉमेट्रिक मॉडेलिंगच्या (संगणकावर आकार मांडण्याच्या गणिताच्या) गटाने मला दोन वर्षांची पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरची संशोधनाची नेमणूक, देऊ केली आहे. ग्राफिक्समधले लोकही त्या गटात आहेत. त्याच सुमारास पुण्यातल्या एका कॅड (संगणकावर डिझाइन करायचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या) कंपनीत मुलाखत झाली, तेही घ्यायला तयार आहेत. घरून अडवणूक नाही. नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. तो म्हणतो, दोन वर्षं निभावून नेऊ, पण परत आल्यावर काय? गाईड मात्र नाराज आहेत. ‘चित्रं काढायला चाललीस? एकदा तिकडे गेलीस की गणितवाले तुला आपलं म्हणणार नाहीत, आणि कॉम्प्युटरवाले तर कधीच म्हणत नव्हते,’ असं ते म्हणाले. प्रोग्रॅमिंग म्हणाल तर मॅटलॅब जेमतेम येतं. मी गणित सोडते आहे का? आणि दोन वर्षांनी मला कुणी विचारेल का?

(नाव छापू नये)

---

तुमच्या गाईडच्या बोलण्यात दोन गोष्टी आहेत. ‘चित्रं काढायला’ हा टोमणा आहे आणि तो चुकीचा आहे. ‘कुणीच आपलं म्हणणार नाही’ ही भीती आहे आणि तिच्यात तथ्य आहे. टोमण्याला उत्तर द्यायला मला जास्त आवडेल, कारण मीही गणितातूनच या बाजूला आले आणि तो सगळ्या सुरांत ऐकला आहे.

बर्नस्टाइनपासूनच सुरू करू. 1912 साली त्यांनी वायरस्ट्रासच्या प्रमेयाची (कुठल्याही सलग फलनाच्या हवं तितकं जवळ बहुपदीने जाता येतं) ती सुंदर संभाव्यतेची सिद्धता दिली, तेव्हापासून या बहुपदींची ख्याती एकच: वर्गात शिकवायला छान, कामाला निरुपयोगी. कारण तुम्हाला माहीत आहे, तुमचा प्रबंधच त्यावर आहे. फलन कितीही गुळगुळीत असो, त्रुटी साधारण एक भागिले एन (एन म्हणजे बहुपदीचा घात) या वेगानेच कमी होते. वोरोनोव्स्काया यांनी 1932 मध्ये ते पक्कं केलं. इतक्या संथ पद्धतीने प्रत्यक्ष आकडेमोड कोण करणार?

1958 मध्ये पॉल द कास्तेल्झो नावाचा तरुण गणिती पॅरिसमध्ये सिट्रोएन मोटार कंपनीत लागला. त्याच्यासमोरचा प्रश्न असा: कारागिरांच्या हातातून उतरलेला गाडीचा आकार अंकांनी चालणाऱ्या यंत्राला कसा सांगायचा? त्याने काही नियंत्रक बिंदू घेतले, लागोपाठच्या बिंदूंमध्ये एकाच प्रमाणात सरळ रेषेवरचे बिंदू काढले, त्या नव्या बिंदूंवर तेच केलं, आणि शेवटी एकच बिंदू उरेपर्यंत करत गेला. एवढंच. 1959 मध्ये त्याने हे कंपनीसाठी लिहून काढलं आणि कंपनीने ते कुलपात ठेवलं. पलीकडे रेनॉमध्ये पिएर बेझिए हे अभियंते वेगळ्या वाटेने त्याच वक्रांपाशी पोचले. त्यांना प्रसिद्ध करायची मुभा होती, म्हणून जग आज ‘बेझिए वक्र’ म्हणतं. हे सगळं बर्नस्टाइनच्याच बहुपदींचं रूप आहे हे केंब्रिजच्या फॉरेस्ट यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला स्पष्ट केलं.

यात तुमच्यासाठी महत्त्वाचं काय? अभिसरणाचा वेग इथे कुणालाच नको होता. आधीपासून ठरलेल्या कुठल्या फलनाच्या जवळ जायचंच नव्हतं, आकार हातात ठेवायचा होता. तुमच्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात ‘प्राथमिक गुणधर्म’ म्हणून तुम्ही अर्ध्या पानात उरकलेल्या गोष्टी, म्हणजे सगळे गुणांक धन आहेत, बेरीज एक आहे, एकदिश फलनाचं एकदिश राहतं, बहिर्वक्राचं बहिर्वक्र राहतं, त्याच इथे मुख्य माल ठरल्या. वक्र नियंत्रक बिंदूंच्या कवचाबाहेर जात नाही, हा गुण नसता तर कुठल्याही डिझायनरने या बहुपदींना हात लावला नसता. आत्ता तुम्ही हे सदर मोबाइलवर वाचत असाल तर ‘क’च्या पोटातली गोलाई आणि वेलांटीचा झोक हेही बेझिए वक्रच आहेत, ट्रूटाइप फॉन्टमध्ये दुसऱ्या घाताचे, पोस्टस्क्रिप्ट घराण्यातल्या फॉन्टमध्ये तिसऱ्या.

थोडं कडू बोलते. 1997 मध्ये फिलिप्स यांनी बर्नस्टाइनचं क्यू-रूप (‘क्यू’ हा जादा पॅरामीटर घातलेलं रूप) मांडलं, त्यानंतर आपल्याकडे या ऑपरेटर्सवर पेपरांचा पूर आला. त्यात चांगलं काम आहे. पण एक पॅरामीटर वाढवला की एक पेपर, दोन वाढवले की दोन, असंही बरंच आहे, आणि तुम्ही त्यातून आला आहात म्हणजे तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त टोचलं असेल. त्या पेपरातला प्रश्न आदल्या पेपरातून येतो. मॉडेलिंगमध्ये प्रश्न पृष्ठभागाकडून येतो, आणि तो विचारताना तुमच्या सोयीची गृहीतकं धरत नाही. तुमच्या निवडीत खरा फरक मला इथे दिसतो. गणित विरुद्ध चित्रं असा तो नाहीच.

याचं मला सर्वात आवडणारं उदाहरण सांगते, कारण ते कुठल्याही गणित विभागात उभं राहून सांगता येतं. 1978 मध्ये एड कॅटमल आणि जिम क्लार्क यांनी एक कृती प्रसिद्ध केली. चौकोनांची ओबडधोबड जाळी घ्या, प्रत्येक चौकोनाचे चार करा, बिंदू ठरलेल्या सरासरीने सरकवा, पुन्हा करा. जाळी गुळगुळीत होत जाते. जिथे एका शिरोबिंदूपाशी चार कडा मिळतात तिथे मिळणारं पृष्ठ हे ओळखीचं तिसऱ्या घाताचं बी-स्प्लाइन (बहुपदींचे तुकडे गुळगुळीत जोडून केलेलं पृष्ठ) आहे, तिथे काळजी नाही. अडचण तीन किंवा पाच कडांच्या बिंदूपाशी. ते बिंदू टाळता येत नाहीत का? नाही. सगळे चौकोन आणि प्रत्येक शिरोबिंदूला चार कडा असतील तर ऑयलरच्या सूत्राची (शिरोबिंदू वजा कडा अधिक चौकोन) बेरीज शून्य येते, गोलाला दोन हवी. म्हणजे असली स्वच्छ जाळी वड्याच्या आकारावर (मधोमध भोक असलेल्या मेदूवड्याच्या) बसेल, माणसाच्या डोक्यावर बसणार नाही. डोकं हवं तर असाधारण बिंदू आलेच.

मग त्या बिंदूपाशी पृष्ठ गुळगुळीत आहे का? प्रत्येक पायरीला बिंदूच्या आजूबाजूचा परिसर एकाच मॅट्रिक्सने गुणला जातो, म्हणजे निकाल त्या मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यूंच्या (ती कोणत्या दिशेला किती पट ताणते-आखडते त्या आकड्यांच्या) हातात. हे त्याच वर्षी डू आणि सॅबिन यांनी आपल्या पद्धतीसाठी पाहिलं. पण आयगेनव्हॅल्यू बरोबर असूनही पृष्ठ त्या बिंदूभोवती स्वतःवरच दुमडू शकतं. त्यासाठी अजून काय हवं ते उलरिश राइफ यांनी 1995 मध्ये नेमकं मांडलं, आणि कॅटमल-क्लार्क ती अट पुरी करते हे यॉर्ग पीटर्स आणि राइफ यांनी 1998 मध्ये सिद्ध केलं. वीस वर्षं. दरम्यान 1997 मध्ये पिक्सारने हीच पृष्ठं वापरून बागेत एकट्याने बुद्धिबळ खेळणाऱ्या म्हाताऱ्याचा लघुपट काढला आणि त्याला ऑस्कर मिळालं. चित्र आधी पडद्यावर आलं, सिद्धता मागून. यावर ‘बघा, सिद्धतेवाचून अडलं नाही’ असं म्हणणारे तुम्हाला भेटतील. त्यांना गाडीच्या बॉनेटबद्दल विचारा. स्पर्शप्रतल सलग असलं तरी त्या असाधारण बिंदूंवर वक्रता नीट वागत नाही. सिनेमात ते खपतं. शोरूमच्या दिव्यांचं प्रतिबिंब बॉनेटवर मोडलेलं दिसलं तर खपत नाही, म्हणून गाडीची बाहेरची पृष्ठं आजही मुख्यतः बेझिए आणि नर्ब्ज (बी-स्प्लाइनचंच भारित रूप) यांवर चालतात. कुठे काय चालेल आणि का, हे ज्याला सिद्धतेतून कळतं त्याला या क्षेत्रात मान आहे.

आता तुमच्या स्वतःच्या विषयाकडे येते. त्रिकोणांच्या जाळीवर लाप्लासियन (बिंदूवरची किंमत शेजाऱ्यांच्या सरासरीपासून किती वेगळी आहे ते मोजणारा ऑपरेटर) लागतो: आकार गुळगुळीत करायला, पोत चिकटवायला, अंतर मोजायला, जवळपास सगळ्याला. सर्वात वापरातलं सूत्र त्रिकोणांच्या कोनांच्या कोटँजंटवर आहे. पिंकल आणि पोल्टिअर यांच्या 1993 च्या पेपरामुळे ते या क्षेत्रात रूढ झालं, आणि तो पेपर न्यूनतम पृष्ठांवरचा होता, म्हणजे शुद्ध भूमितीतला. कडेसमोरच्या दोन कोनांची बेरीज 180 अंशांच्या वर गेली की त्या कडेचा गुणांक ऋण होतो. धनता गेली! तुम्ही अनेक वर्षं धन रेषीय ऑपरेटर्समध्ये काढली आहेत. धनता गेली की काय काय जातं हे ग्राफिक्सच्या विद्यार्थ्याला प्रयोगाने कळतं, तुम्हाला ते आधीच माहीत आहे. दुसरं सूत्र घ्यावं तर? 2007 मध्ये वार्डेट्स्की आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सममिती, स्थानिकता, सपाट जाळीवर रेषीय फलनांना शून्य देणं आणि धनता हे चारही गुण सर्वसाधारण जाळीवर एकत्र मिळूच शकत नाहीत. हे अशक्यतेचं प्रमेय ग्राफिक्सवाल्यांच्याच भूमिती-परिषदेत वाचलं गेलं आणि लोक आजही ते उद्धृत करतात, कारण त्यानंतर ‘कोणता लाप्लासियन चांगला’ हा वाद संपून ‘या कामाला कोणता गुण सोडायचा’ हा प्रश्न सुरू झाला. असं काम करायला तुम्ही तयार आहात. कॉफीच्या वेळी लोक तक्रार करतील की अमुक जाळीवर अमुक फिसकटतं. ती तक्रार प्रमेयाच्या भाषेत लिहिता येईल का, हे बघणं तुमचं काम.

आणि कुणी ‘यात खोल गणित कुठे आहे’ म्हणालंच तर गिल्बर्ट स्ट्रँग यांनी 1970 च्या दशकात विचारलेला प्रश्न सांगा: सपाट प्रदेशाच्या त्रिकोणीकरणावर, जोडांवर पहिला विकलज सलग राहील अशा तिसऱ्या घाताच्या स्प्लाइन्सच्या अवकाशाची मिती किती? त्रिकोणीकरण ‘सर्वसाधारण’ असेल तर उत्तर लुई बिलेरा यांनी 1988 मध्ये होमॉलॉजी वापरून दिलं आणि त्याबद्दल त्यांना 1994 चा फुलकरसन पुरस्कार मिळाला. चौथ्या घातापासून पुढे कोणत्याही त्रिकोणीकरणाचं सूत्र माहीत आहे. तिसऱ्या घाताने मात्र दशकानुदशकं लोकांना छळलं आहे. प्रश्न बी.एस्सी.च्या मुलाला समजतो.

इतकं सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. तिथल्या तुमच्या दिवसांतला मोठा भाग सिद्धतेत जाणार नाही. आपण फळ्यावर ‘बिंदू सर्वसाधारण स्थितीत आहेत असं समजा’ लिहून सुटतो. फाइलमध्ये बिंदू तसे नसतात. शून्य क्षेत्रफळाचे त्रिकोण असतात, एकमेकांत घुसलेले त्रिकोण असतात, एकाच कडेला तीन त्रिकोण चिकटलेले असतात, आणि बिंदू रेषेच्या डावीकडे आहे की उजवीकडे एवढा साधा प्रश्नसुद्धा दशांश चिन्हाच्या पुढचे आकडे छाटले गेल्यामुळे चुकीचं उत्तर देतो. ज्या गणित्यांना हे काम ‘खालचं’ वाटतं ते सहा महिन्यांत कंटाळतात आणि गटालाही कंटाळा आणतात. तुम्ही ‘मदतीला आलेली गणिती’ म्हणून जाऊ नका. स्वतःचा कोड स्वतः लिहा.

कसा? मॅटलॅब येतं म्हणजे मॅट्रिक्सची भीती नाही, ते पुष्कळ झालं. जायच्या आधी पायथनमध्ये द कास्तेल्झोची कृती लिहा, वीसेक ओळींचं काम आहे. मग स्टॅनफर्डचा ससा, म्हणजे सशाच्या आकाराची नमुन्याची त्रिकोणी जाळी, उतरवून घ्या. 1994 पासून या क्षेत्रातला प्रत्येक जण त्याच सशावर हात साफ करतो, त्यात 69,451 त्रिकोण आहेत. त्यावर कोटँजंट लाप्लासियन बसवा, गुळगुळीत करा, आणि कुठे कुठे गुणांक ऋण येतात ते रंगवून बघा. त्यानंतर सी++. पूर्ण भाषा शिकायच्या मागे लागू नका. आयगेन आणि लिबिगल या मोफत लायब्ररी उघडून त्यातली उदाहरणं मोडून परत जोडा. जाळी साठवायची हाफ-एज रचना (प्रत्येक कडेचे दोन दिशांचे दोन अर्धे ठेवणारी) एकदा हाताने लिहाच, कारण जाळीचा विचार करायची सवय त्यातून लागते.

आता ती भीती. कुणाचे होणार तुम्ही?

भारतात हा प्रश्न भावनेचा कमी आणि जाहिरातीतल्या पात्रतेच्या रकान्याचा जास्त आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या कॉम्प्युटर विभागाच्या जागेला त्या शाखेतलं बी.ई. आणि एम.ई. मागतात. तुमच्याकडे ते नाही आणि पोस्टडॉकने येणार नाही. ते दार बंद आहे असं धरून चला. गणिताच्या जागेला मात्र तुमचं एम.एस्सी., सेट आणि पीएच.डी. कामाला येतं, आणि ते पुढची दोन वर्षं तुम्ही काहीही केलंत तरी तुमच्यापासून कुणी काढून घेत नाही. म्हणजे कागदोपत्री तुम्ही गणितवालीच राहता. आयआयटीसारख्या ठिकाणी नियम थोडे सैल आहेत, पण तिथे पीएच.डी.नंतरची साधारण तीन वर्षं मोजतात आणि त्याहून कमी असतील तर खालच्या ग्रेडवर विचार होतो. तेव्हा दोन वर्षांचं कंत्राट पुढे वाढण्याची शक्यता आहे का, हे आत्ताच विचारा. नवऱ्यालाही हा हिशेब दाखवा. ‘दोन वर्षं’ हा आकडा घरात पक्का धरला गेला असेल तर तिसऱ्याची चर्चा तिकडून फोनवर करण्यापेक्षा इथे बसून केलेली बरी.

निवड समितीत गणितवाले तुमच्या यादीकडे कसं बघतील, तिथे खरी मेख आहे. गणितात लेखकांची नावं वर्णानुक्रमे येतात, ग्राफिक्समध्ये कामाच्या वाट्याप्रमाणे. सहा नावांत तुमचं चौथं असेल तर गणितवाला काही अर्थ काढणार नाही आणि ग्राफिक्सवाला बरोबर काढेल. गणितात परिषदेतला पेपर मोजत नाहीत. ग्राफिक्समध्ये सगळ्यात मानाची जागाच सिग्राफ परिषद, आणि तिथला पेपर महिनोन् महिने राबून एका ठरलेल्या तारखेला पाठवतात. सुदैवाने ते मुख्य पेपर ‘एसीएम ट्रान्झॅक्शन्स ऑन ग्राफिक्स’ या नियतकालिकात छापले जातात, आणि भूमितीवाल्यांच्या परिषदांचे पेपरही ‘कॉम्प्युटर ग्राफिक्स फोरम’ किंवा ‘कॉम्प्युटर एडेड जॉमेट्रिक डिझाइन’मध्ये येतात. बायोडेटात परिषदेचं नाव लिहू नका, नियतकालिकाचं लिहा. ही युक्ती नाही, वस्तुस्थितीच आहे. फक्त आपल्या समित्यांना ती आपणहून समजत नाही.

त्यापलीकडे एक गोष्ट मात्र अट म्हणून पाळा: दोन वर्षांत निदान एक पेपर असा हवा की ज्यात प्रमेय आहे, सिद्धता आहे, तुमचं नाव एकटं किंवा दुसऱ्या एखाद्याच गणित्याबरोबर आहे, आणि तो संख्यात्मक विश्लेषणाच्या किंवा अप्रॉक्सिमेशनच्या नियतकालिकात गेला आहे. विषय शोधावा लागणार नाही. 2005 मध्ये ह्यूज, कॉट्रेल आणि बाझिलेव्हस यांनी आयसोजॉमेट्रिक अ‍ॅनॅलिसिसची कल्पना मांडली: कॅडमध्ये आकार ज्या स्प्लाइन्सनी काढला त्याच स्प्लाइन्सवर ताण आणि उष्णतेची समीकरणंही सोडवायची. तेव्हापासून स्प्लाइन्सच्या त्रुटीच्या अंदाजांना नवी मागणी आली आहे. त्रुटीचे अंदाज! तुम्ही तेच करता. अभिसरणाचा तो वेग, ज्याची मोटारवाल्यांना गरज नव्हती, तो इथे पुन्हा लागतो. आपल्याकडच्या आयआयटींच्या गणित आणि मेकॅनिकल विभागांना हा विषय समजतो. तुमची परतीची वाट मला इथून जाताना दिसते. ‘मी ग्राफिक्सहून आले’ असं म्हणण्यापेक्षा ‘मी स्प्लाइन्सवर काम करते’ असं म्हणणं गणित विभागात सोपं जाईल, आणि ते खरंही असेल.

ऑस्ट्रियाबद्दल एक शब्द. तिथे आलेखी भूमितीची (त्रिमितीय आकार कागदावर उतरवण्याच्या शास्त्राची) जुनी परंपरा आहे आणि हेल्मुट पोटमान यांच्यासारख्या भूमितीतल्या माणसाने काचेच्या वक्र छपरांसाठी सपाट चौकोनी तावदानं कशी बसवायची, यातून विविक्त अवकलन भूमितीचं (सपाट तुकड्यांच्या जाळ्यांवरच्या वक्रतेच्या भूमितीचं) मोठं दालन उघडलं. ते काम ग्राफिक्सच्या नियतकालिकांत छापलं गेलं, पण त्यांचा विभाग गणिताच्याच विद्याशाखेतला. म्हणून नेमणूकपत्रात कोणत्या विभागाचं नाव आहे ते बघा. एकाच गटातली दोन माणसं दोन वेगवेगळ्या विभागांच्या पगारावर असू शकतात. गणित विभागाच्या नावाने नेमणूक शक्य असेल तर तशी मागा. त्यांना याने फारसा फरक पडत नाही, तुम्हाला साताऱ्यात परत आल्यावर पडेल.

पुण्याच्या नोकरीबद्दल मी मुद्दामच आधी बोलले नाही. तो पर्याय कमी प्रतीचा नाही. पुण्यात जगातल्या बहुतेक मोठ्या कॅड उत्पादकांची केंद्रं आहेत आणि तिथलं गणित नुसतं दिखाऊ नाही. तिसऱ्या घाताचे दोन पृष्ठतुकडे एकमेकांना छेदतात तो वक्र 324 घातापर्यंतचा असू शकतो. असा प्रत्येक तुकडा दोन्ही दिशांना तिसऱ्या घाताचा असतो, एका समीकरणाने लिहिला तर अठराव्या घाताचा होतो. अठराव्या घाताची दोन पृष्ठं, गुणाकार करून बघा. तो वक्र काढायचा, तोही वापरणाऱ्याने माउस सोडायच्या आत, हे तिथल्या लोकांचं रोजचं काम. पगार वेळेवर, घर जवळ. पण त्यावर पेपर लिहिता येत नाही. द कास्तेल्झोचं नाव इतकी वर्षं झाकलं गेलं ते यामुळेच. 2012 मध्ये त्यांना या क्षेत्राचा बेझिए पुरस्कार मिळाला. बेझिएच्या नावाचा! विनोद कुणी मुद्दाम केला नसावा.

कंपनीतून विद्यापीठात जाता येतं. कार्ल द बोर 1960 मध्ये जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत होते, पीएच.डी. 1966 मध्ये मिशिगनहून झाली, पुढे विस्कॉन्सिनमध्ये प्राध्यापक झाले आणि त्यांना अमेरिकेचं राष्ट्रीय विज्ञान पदक मिळालं. पण त्यांना कंपनीत असताना प्रसिद्ध करायला मिळत होतं आणि गॅरेट बर्कहॉफसारखा गणिती तिथे सल्लागार होता. आजच्या पुण्यात असं मिळेल का, ते मुलाखत घेणाऱ्यालाच विचारा. नाही म्हणाला तर समजा की तिथून अध्यापनाकडे परतणं आपल्याकडच्या रकान्यांत फार अवघड आहे. उलट पोस्टडॉक करून, सी++ शिकून आलात तर त्याच कंपनीत दोन वर्षांनी बहुधा वरच्या जागेवर बोलावतील. म्हणून माझं मत ऑस्ट्रियाला जा असं आहे. नवऱ्याच्या ‘परत आल्यावर काय’ला निदान हे एक ठोस उत्तर झालं. सीएचबीच्या जागेसाठी थांबू नका. जाहिरात निघाली तर अर्ज तिकडूनही करता येतो.

होकार कळवण्याआधी त्या प्राध्यापकांना एक मेल लिहा. त्यात तीन गोष्टी विचारा: स्वतंत्र पेपरासाठी आठवड्यातला किती वेळ माझा असेल, नेमणूक कोणत्या विभागाची, आणि कंत्राट वाढण्याची शक्यता किती. असे प्रश्न विचारल्याने कुणी रागावत नाही. रागावलंच तर तिथे न गेलेलं बरं.

राहिले तुमचे गाईड. त्यांच्याशी वाद घालू नका, पण त्यांना सोडूनही जाऊ नका. तुमच्या गणिताबद्दल अधिकाराने लिहू शकणारा माणूस आज तोच आहे, आणि दोन वर्षांनी तुम्हाला शिफारसपत्रं दोन्ही बाजूंची लागतील, एक ग्राफिक्सकडचं, एक गणिताकडचं. जाण्यापूर्वी एकदा भेटा आणि 2007 चा तो अशक्यतेचा पेपर छापून न्या. काही पटवून देऊ नका. एवढंच म्हणा, ‘सर, धनता सोडली तर इथे काय उरतं, यावर मी काम करणार आहे, तुम्हाला काय वाटतं?’ आयुष्यभर धन ऑपरेटर्स केलेल्या माणसाला हा प्रश्न खाली ठेवता येणार नाही. संयुक्त पेपराचा विषयसुद्धा निघेल कदाचित. निघाला तर नावं वर्णानुक्रमे लावा.